हेलसिंकीत दोन लहान मुलं आणि आजी: आठवडाभर काय करता येईल?

सई_धनकवडी

नमस्कार मंडळी. नवऱ्याचं जूनमध्ये हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोला ऑफिसचं काम निघालंय. आठवडाभराचंच आहे, म्हणून आम्ही सगळेच सोबत निघतोय. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची आणि सासूबाई. सासूबाई रोज तळजाईवर फिरायला जातात, पण जिने फार झाले की गुडघे बोलायला लागतात. त्या पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंसुद्धा खात नाहीत.

नवरा सकाळी जाणार तो संध्याकाळीच येणार. म्हणजे दिवसभर दोन्ही मुलं, सासूबाई आणि बाबागाडी घेऊन मलाच बाहेर पडायचंय. राहायला हेलसिंकीत, मुख्य स्टेशनजवळ, स्वयंपाकघर असलेली जागा बघितली आहे. शोधलं की सगळीकडे त्याच दहा ठिकाणांची यादी मिळते, पण दीड वर्षाच्या मुलीला तिथे नेलं तर ती काय करेल हे कोणी लिहीत नाही. तिथे राहणाऱ्या किंवा मुलांना घेऊन जाऊन आलेल्या कोणी सांगाल का? पाऊस लागला तर काय करायचं? आणि रात्री अकरापर्यंत उजेड असतो म्हणे, मग मुलं झोपतात कशी?

भटक्या७

एवढं लांब जाताय तर रोव्हानिएमीला सांताक्लॉजचं गाव करूनच या, मुलं आयुष्यभर लक्षात ठेवतील. शिवाय हेलसिंकीहून बोटीने टालिन, म्हणजे एस्टोनियाची राजधानी, एका दिवसात होतं. आठवडा आहे म्हणजे दोन्ही आरामात बसेल.

अबोली

सई, मी वान्तात राहते, म्हणजे हेलसिंकीला लागूनच, आणि इथल्या एका पाळणाघरात काम करते. एक ते पाच वयाच्या मुलांतच माझा दिवस जातो. माझी स्वतःची दोन्ही मुलं लहान असताना आम्ही हेलसिंकीच्या कालिओ भागात होतो. त्यामुळे तुझा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले.

भटक्या, तुमचा सल्ला मोठ्या मुलांसाठी ठीक आहे. पण रोव्हानिएमी रस्त्याने आठशे किलोमीटरच्या आसपास लांब आहे, ट्रेनने जवळजवळ अख्खी रात्र जाते. जूनमध्ये तिथे बर्फ नसतो, डास मात्र भरपूर असतात. टालिनची बोट मुलांना आवडते, पण जुन्या शहरात सगळे दगडगोट्यांचे रस्ते आणि चढ. सई एकटी दोन मुलांना आणि आजींना घेऊन असणार आहे. माझं स्पष्ट मत: दोन्ही सोडून दे, एका दिवशी एकच जागा धर आणि तिथे मुलांना मनसोक्त खेळू दे. या शहरात मुलांसाठी जे सगळ्यात चांगलं आहे ते बहुतेक फुकट आहे आणि चालत किंवा ट्रामने गाठता येतं.

पहिल्या दिवशी ओडी. हे शहराचं मध्यवर्ती वाचनालय, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, संसदेच्या अगदी समोर. फिनलंडच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली त्या निमित्ताने बांधलं आणि डिसेंबर २०१८ मध्ये उघडलं. थेट लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर जा. तिथली लाकडी जमीन टोकाला हळूहळू वर चढत जाते, आणि एका टोकाला मुलांचा विभाग आहे. बाबागाड्यांची रांग लागलेली असते. रांगणारी बाळं त्या उतारावर चढतात, घसरतात, परत चढतात. तुझी लेक तासभर तेवढंच करेल बघ. मुलाला पुस्तकं आहेत, बसायला मऊ कोपरे आहेत. आणि मुलांनी आवाज केला म्हणून कोणी डोळे वटारत नाही, हे मला या वाचनालयाचं सगळ्यात मोठं कौतुक वाटतं. आजींना गच्चीवर खुर्ची मिळेल, समोर संसदेच्या पायऱ्या आणि खाली मोठं मोकळं पटांगण. प्रवेशाला पैसे नाहीत, दिवसभर बसलात तरी चालतं. दुसऱ्या मजल्यावर शिलाई मशिनं आणि थ्री-डी प्रिंटर आहेत, लोक आपापली कामं करत असतात. पाच वर्षांच्या मुलाला ते बघायला फार आवडतं.

तिथून निघालात की आमोस रेक्स संग्रहालयाकडे चालत जा. संग्रहालय जमिनीखाली आहे आणि त्याच्या छताचे गोल उंचवटे वर चौकात आले आहेत. मुलं त्यांच्यावर चढतात आणि बुडावर घसरत खाली येतात. आत गेला नाहीत तरी चालेल.

आता खेळाची मैदानं. ही गोष्ट पर्यटकांच्या यादीत कधीच नसते आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. हेलसिंकी महापालिका जागोजागी 'लेइक्किपुइस्तो' चालवते. साधी घसरगुंडी-झोक्याची बाग नव्हे. तिथे महापालिकेची माणसं कामाला असतात, एक छोटी इमारत असते, आत स्वच्छतागृह, बाळाचे कपडे बदलायला जागा. वाळूच्या खड्ड्यात फावडी, बादल्या, ट्रक असे सगळ्यांसाठीचे खेळ पडलेले असतात. कोणीही घ्यावेत, खेळून झालं की ठेवावेत. उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी घोटाभर पाण्याचा उथळ हौद भरतात, तेव्हा पोहण्याचे कपडे आणि टॉवेल पिशवीत कायम असू दे.

आणि ऐक, जूनच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, सोमवार ते शुक्रवार, यातल्या बऱ्याच मैदानांवर दुपारी सोळा वर्षांखालच्या मुलांना गरम जेवण मिळतं. फुकट. युद्धाच्या काळात अन्नाची टंचाई होती तेव्हा, १९४२ मध्ये, हे सुरू झालं आणि आजही चालू आहे. नाव नोंदवावं लागत नाही. आपला वाडगा आणि चमचा मात्र आपणच न्यायचा. बाराच्या आधी मुलं वाडगे घेऊन रांगेत उभी राहतात. समोर मोठमोठ्या डब्यांतून सूप किंवा तत्सम काहीतरी वाढतात आणि मुलं गवतावर, बाकावर, जिथे जागा मिळेल तिथे बसून खातात. कालिओत असताना माझी मुलं घरी ज्या भाज्या खायची नाहीत त्याच तिथे चार मुलांच्या पंगतीत चाटून पुसून खायची. बऱ्याचदा मांसाचं असतं, त्यामुळे आधी विचारून घे. ते आनंदाने सांगतात, इंग्रजी सगळ्यांना येतं.

पावसाचं म्हणशील तर आमच्याकडे पाऊस आला म्हणून मुलांना आत बसवत नाहीत. सकाळी आणि दुपारी बाहेर म्हणजे बाहेर. फक्त वर रबरी खांदेपट्ट्यांची विजार आणि जाकीट चढवायचं, पायात गमबूट. या विजारीला 'कुराहोउसुत' म्हणतात. पुण्याहून रेनकोट आणू नकोस, त्यात वाळू आणि थंड पाणी आत जातं. इथे 'किर्प्पुतोरी' म्हणजे जुन्या वस्तूंची दुकानं गल्लोगल्ली आहेत, मुलांचे असे कपडे तिथे अगदी स्वस्तात मिळतात. पहिल्या दिवशीच दोन जोड घे, मग पावसाची काळजी उरत नाही. डबक्यात उड्या मारायला लागल्यावर तुझा मुलगा बाकी सगळं विसरेल.

सुओमेनलिन्नाला नक्की जा. समुद्रातल्या बेटांवरचा किल्ला आहे, १७४८ साली स्वीडिश राजवटीत बांधायला घेतला. १९९१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. काउप्पातोरी या बंदराजवळच्या बाजारातून बोट सुटते, पाव तासात पोचते, आणि ती शहराच्या साध्या बस-ट्रामच्या तिकिटातच येते. वेगळी पर्यटक-बोट घ्यायची गरज नाही. तिथे आजही लोक राहतात, मुलं शाळेत जातात, दुकान आहे. तटबंदीवर गवत उगवलेलं आहे, भिंतींत अंधारे बोगदे आहेत (एक छोटी बॅटरी ने, पाच वर्षांच्या मुलाला त्याहून मोठं सुख नाही). उन्हाळ्यात खेळण्यांचं छोटं संग्रहालय आणि 'वेसिक्को' ही खरी पाणबुडी उघडी असते. पाणबुडीत आत वाकून जावं लागतं, तिथे तू आणि मुलगा जा, आजी बाहेर लेकीला धरून बसतील. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेव. रस्ते गोट्यांचे आहेत, बाबागाडी खडखडते, लेकीला पाठीला किंवा पोटाला बांधायची झोळी असेल तर बरं. आणि तटाला कठडे नाहीत. मुलाचा हात सोडायचा नाही.

काउप्पातोरीवर काही खायला घेतलंत तर उघड्यावर हातात धरून चालू नका. समुद्रपक्षी झडप घालून मुलाच्या हातातला घास नेतात आणि मूल घाबरतं. तंबूच्या छपराखाली बसून खा.

उजेडाचं: जूनमध्ये सूर्य चारच्या सुमाराला उगवतो आणि रात्री पावणेअकराच्या पुढे मावळतो, आणि त्यानंतरही काळोख असा होतच नाही. जागा बुक करताना काळे, जाड पडदे आहेत का ते विचार. नसतील तर जाड चादर आणि चिमटे आण. संध्याकाळी सातलाच पडदे ओढ, अंघोळ, गोष्ट, झोप, असा रोजचा क्रम मोडू नकोस. मुलं घड्याळ बघत नाहीत, क्रम बघतात.

सई_धनकवडी

अबोलीताई, किती मनापासून लिहिलंत! सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांना वाचनालयाची गच्ची आणि मुलांच्या जेवणाचं फार आवडलं. अजून दोन-तीन प्रश्न. ट्राममध्ये बाबागाडी चढते का? सासूबाईंच्या जेवणाचं काय करायचं? त्या घरचं तूप आणि आंब्याची पेटी न्यायची म्हणताहेत. आणि आमच्या तारखा जूनच्या तिसऱ्या आठवड्यातल्या आहेत, तेव्हा काही बंद वगैरे असतं का?

अबोली

तूप आणि आंबे दोन्ही नको, आजींना नीट समजावून सांग. युरोपीय संघाबाहेरून येताना दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, त्यात तूप, पेढे, खवा सगळं आलं. बाळाची दूध पावडर चालते, पण सीलबंद डब्यात आणि दोन किलोपर्यंत. ताजी फळं आणि पालेभाज्यांना सरकारी आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणून आंबा नाही आणि कढीपत्ताही नाही. विमानतळावर काढून घेतलं तर आजींना वाईट वाटेल, त्यापेक्षा घरीच ठेवा. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लाह्या खुशाल आणा.

इथे आल्यावर हाकानिएमीला जा, मेट्रोने स्टेशनपासून दुसरं स्थानक. तिथल्या आशियाई दुकानांत मूगडाळ, तांदूळ, पोहे, तूप, हिंग मिळतं. स्वयंपाकघर आहे म्हणतेस, मग सकाळी खिचडी करून डबा भरायचा. इथे बागेत, बोटीत, संग्रहालयात स्वतःचा डबा खाणं अगदी सर्रास आहे. दुकानातलं 'पीमा' घे, आपल्या ताकाच्या अगदी जवळचं, जिऱ्याची पूड घातली की आजींना घरच्यासारखं वाटेल. बेकरीत 'कार्यालानपीराक्का' मिळते, राईच्या पातळ पारीत भाताची लापशी भरलेली. बऱ्याचदा वर अंड्याचं लोणी लावून देतात, ते नको म्हणून सांगायचं आणि पाकिटावरचे घटकही बघायचे. पाकिटांवर फिनिश आणि स्वीडिशच असतं, तेव्हा 'मुना' म्हणजे अंडं, 'लिहा' मांस, 'काना' कोंबडी आणि 'लीवाते' म्हणजे जिलेटिन, एवढे चार शब्द फोनमध्ये लिहून ठेव. जिलेटिन मुलांच्या रंगीत गोळ्यांत बऱ्याचदा असतं. बाहेर जेवायचंच असेल तर नेपाळी हॉटेलं भरपूर आहेत, दुपारी आठवड्याच्या दिवशी त्यांचं 'लोउनास' म्हणजे दुपारचं ताट स्वस्त पडतं. नळाचं पाणी बिनधास्त पी, बाटल्या विकत घेऊ नकोस.

ट्रामचं: मधल्या दाराने चढायचं, जमीन रस्त्याच्या पातळीला असते, बाबागाडीला वेगळी जागा असते. आणि सात वर्षांखालच्या मुलाला बाबागाडीत घेऊन जाणाऱ्या मोठ्या माणसाला बस, ट्राम, मेट्रो, लोकल ट्रेनमध्ये तिकीटच लागत नाही. म्हणजे तुझं फुकट, मुलाचंही फुकट, फक्त आजींचं तिकीट काढायचं, आणि सुओमेनलिन्नाच्या बोटीसाठी निघण्याआधी तुझ्याबद्दल ॲपमध्ये एकदा खात्री करून घे. तिकीट एचएसएलच्या (इथली शहर वाहतूक संस्था) ॲपवर, चढायच्या आधी. शहरात ए-बी विभागाचं पुरतं, विमानतळावर जाताना ए-बी-सी काढायचं.

तिसऱ्या आठवड्याचं मात्र नीट बघ. युहान्नुस, म्हणजे मध्य-उन्हाळ्याचा सण, २० ते २६ जूनमधल्या शनिवारी येतो आणि आदल्या शुक्रवारी दुपारपासून शहर रिकामं होतं. लोक तळ्याकाठच्या घरांकडे निघून जातात. बरीच दुकानं, संग्रहालयं, वाचनालयं बंद, ट्राम कमी. बुधवार-गुरुवारीच दूध, भाजी भरून ठेव. त्या शुक्रवारी सेउरासारी बेटावर जायचं असेल तर जुन्या पद्धतीने मोठी होळी पेटवतात आणि लोकनृत्यं असतात, तिकीट काढावं लागतं. होळी रात्री उशिरा पेटते, लेकीला झेपेल का ते बघ. एरवी सेउरासारीला दिवसाच जा. २४ नंबरची बस पुलापाशी सोडते. १९०९ पासूनचं खुलं संग्रहालय, देशभरातून आणलेली जुनी लाकडी घरं झाडीत मांडली आहेत. खारी इतक्या माणसाळलेल्या की बिनमिठाचे शेंगदाणे तळहातावर ठेवले तर येऊन उचलतात. आजींना हे बेट सगळ्यात जास्त आवडेल असं मला वाटतं. रस्ते सपाट, सावली, बाकडी ठिकठिकाणी. फक्त गवतात बसायला प्लास्टिकची चटई ने, रानबदकांची घाण सगळीकडे असते. पिल्लं असलेल्या जोडीजवळ मुलाला जाऊ देऊ नकोस, ती फुत्कारत अंगावर येतात. आणि बेटांवर उंच गवतातून आलं की रात्री मुलांच्या काखा, जांघा, कानामागे नीट बघ. गोचिडी असतात.

तळेगावकर

आम्ही ताम्पेरेत राहतो, म्हणून एक भर. नवऱ्याला सुट्टीचा एखादा दिवस मिळाला तर ट्रेनने ताम्पेरेला या. हेलसिंकीहून दीड-पावणेदोन तास. इंटरसिटी गाडी दुमजली असते आणि एका डब्यात वरच्या मजल्यावर मुलांना खेळायला जागा आहे, छोटी घसरगुंडी, चित्रांची पुस्तकं. तिकीट काढताना त्याच डब्यातल्या जागा निवडा. आमची मुलगी ताम्पेरे आल्यावर उतरायला तयार नसते.

इथे मुमिनचं, म्हणजे इथल्या मुलांच्या गोष्टींतल्या लाडक्या पात्रांचं, संग्रहालय आहे, ताम्पेरे-तालो या सभागृहाच्या इमारतीत, २०१७ साली उघडलं. मुमिनची लेखिका-चित्रकार तोवे यान्सन, तिची मूळ चित्रं आणि मुमिनघराची मोठी प्रतिकृती. चित्रं जपायला आत उजेड अगदी मंद ठेवलेला असतो, पाच वर्षांचा मुलगा रमेल, दीड वर्षाची कंटाळेल. मग तिला घेऊन कोणीतरी बाहेर बागेत थांबायचं. पांढरे, गुबगुबीत मुमिन प्रत्यक्ष भेटायला हवे असतील तर तुर्कूजवळ नानताली इथे उन्हाळ्यात मुमिनवर्ल्ड उघडं असतं, पण हेलसिंकीहून एका दिवसात ते मुलांना दमवणारं आहे.

आमच्याकडे अजून एक, प्यूनिक्कीचा जुना निरीक्षण मनोरा. खाली कॅफेत ताजे तळलेले गोल डोनट मिळतात, त्यासाठी गावकरी रांग लावतात. पण त्यात अंडं असण्याची शक्यता आहे, आजींसाठी विचारून घ्या.

सई_धनकवडी

ट्रेनमधली घसरगुंडी ऐकून मुलाने आत्ताच बॅग भरायला घेतली आहे. शेवटचा प्रश्न: लिन्नानमाकीची पाळण्यांची बाग महाग आहे का? आणि परतीच्या दिवशी विमान संध्याकाळी आहे, जागा मात्र अकराला सोडायची. मधला वेळ कुठे काढू?

अबोली

लिन्नानमाकीला आत जायला पैसे नाहीत. पाळण्यांचे लागतात, पण लहान मुलांसाठी काही पाळणे फुकट असतात आणि वर जाऊन शहर दाखवणारा पानोरामा मनोराही फुकट आहे. ही बाग १९५० पासून आहे आणि मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी मिळून उभारलेली संस्था ती चालवते. नफा बालकल्याणाच्या कामाला जातो, म्हणून तिथे दोन पाळण्यांचे पैसे देताना मला कधी जड वाटलं नाही. सगळ्या पाळण्यांचा मनगटी पट्टा तुमच्यासाठी घेऊ नकोस, तो मोठ्या मुलांना परवडतो. १९५१ चा लाकडी रोलर कोस्टर आहे, त्यावर ब्रेक धरणारा माणूस अजूनही गाडीत उभा असतो. मुलाला खालून बघू दे. कोर्केआसारीचं प्राणिसंग्रहालय छान आहे, हिमबिबटे आहेत, पण चढ-उतार बराच आहे. आजींना त्या दिवशी गुडघे दुखत नसतील तरच.

परतीच्या दिवशी हेउरेका. विज्ञान केंद्र आहे, टिक्कुरिला स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं, आणि टिक्कुरिला विमानतळाच्याच ट्रेनमार्गावर आहे. तिथून विमानतळ दहा मिनिटांच्या आत येतो. सगळं हात लावून बघायचं असतं, आणि बास्केटबॉल खेळणारे उंदीर असतात, खरेखुरे, शिकवलेले. त्यांच्या खेळाची वेळ गेल्या गेल्या विचारून घे. मोठं सामान आत ठेवता येईल का ते आधी फोन करून विचार, नाहीतर हेलसिंकी स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवून परत यावं लागेल आणि त्यात तास जाईल.

आणि टिक्कुरिला माझ्या घरापासून जवळ आहे. तारखा नक्की झाल्या की मला निरोप पाठव. मुलांच्या वाढलेल्या रबरी विजारी आणि गमबूट माझ्याकडे आहेत, आल्याच्या दिवशीच आणून देते. विकत घेऊ नकोस.